देवीडॉक्टरचं पोट

मुळशी तालुक्यातली चांगली देवळं कुठली, असं मला कुणी विचारलं तर पटकन सांगता येणार नाही. चांगले आडोसे कुठले, ते मात्र आजही डोळे मिटून सांगेन. मुठ्याच्या अलीकडे ओढ्याकाठी करंजांची दाट रांग होती. नेऱ्याच्या शिवारात एक पडकी विहीर होती आणि तिच्याभोवती निवडुंग माजलेलं. मारुंजीला ज्वारी उभी असली की चिंता नसे, फक्त तिथली कुत्री फार चौकस. पायी फिरतीची नोकरी आणि नाजूक पोट एकत्र आले की गावांची ओळख अशी होते.

संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा आमच्या घरातून सूचना झाली, "पोटाचं सोडून लिहा काहीतरी. चार लोक वाचतात." पण पोट वगळलं तर माझ्या नोकरीत सांगण्यासारखं फार थोडं उरतं. शिवाय ज्या बाईंविषयी मला लिहायचं आहे, त्या माझ्या आयुष्यात आल्या त्याच मुळी पोटामुळे. म्हणून घरच्यांची माफी मागून लिहितो.

सरकारी कागदावर मी व्हॅक्सिनेटर होतो. लोक देवीडॉक्टर म्हणत. डॉक्टरकीचा आणि माझा काही संबंध नव्हता. देवीची लस टोचायची, एवढंच माझं काम. पन्नास-साठच्या त्या काळात देवीचा रोग अजून माणसं मारत होता, आंधळी करत होता. दिवाळी झाली की आमचा हंगाम सुरू व्हायचा आणि उन्हं तापेपर्यंत चालायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत स्पिरिटचा दिवा, लशीच्या बारीक काचेच्या नळ्या आणि टोचायचं हत्यार. हत्यार म्हणजे एका दांडीला बसवलेली रुपयाहून लहान चकती, तिला दाते. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती दाबून गरकन फिरवायची. मूल किंचाळायचं, आई मला शिव्या द्यायची आणि मी पुढचा दंड धरायचो. आठव्या दिवशी पुन्हा त्याच गावी जाऊन बघायचं. टोचल्या जागी टपोरा फोड आला असेल तर लस लागली. नसेल तर पुन्हा टोचायचं.

आता यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. लोकांच्या लेखी मी लस टोचत नव्हतो, घरात देवी आणून बसवत होतो. देवी बसली की घरात फोडणी बंद. तेलाचा चुरका नाही, मिरची नाही, मटण-मासळीचं वशाट नाही. दारावर निंबाचा डहाळा. कुणी बाहेरचा माणूस उंबरा ओलांडणार नाही. मी आठव्या दिवशी येऊन फोड बघायचा, "छान उठल्यात देवी" म्हणायचं, मग घरची बाई दहीभाताचा नैवेद्य दाखवून देवीला निरोप द्यायची आणि त्यानंतर कढईत तेल पडायचं. मला यायला एक दिवस उशीर झाला तर सगळं गाव आळणी खाऊन माझ्या नावानं खडे फोडत असे.

याचा माझ्या पोटाशी संबंध असा, की पुढचे आठ दिवस आळणी खायचं म्हणून टोचणीच्या दिवशी घरोघर चमचमीत बेत असायचा. आणि डॉक्टरला जेवल्याशिवाय सोडणं म्हणजे गावाची अब्रू गेली. मी पुण्यात पेठेत वाढलेला. आमच्या आमटीत गूळ पडतो. मारुंजीच्या गेनू पाटलांनी पहिल्याच वर्षी मला पाटावर बसवलं आणि समोर कोंबड्याचा लालभडक रस्सा ठेवला.

मी म्हणालो, "पाटील, आधी मुलांना टोचून घेऊ. मग बघू."

"ते जमायचं न्हाई," पाटील म्हणाले. "येकदा देवी बसली की चूल थंड. मंग तुमाला काय आळणी घालू व्हय? जेवा गुमान. आदी तुमी, मंग पोरं."

पाटलांची पाच नातवंडं आणि भावकीतली बारा मुलं ओसरीवर रांगेत उभी होती. मी जेवलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाटलीणबाई म्हणत होत्या, "डाक्तराला लई आवडलं बघा, वाढा अजून." सतरा मुलांना टोचेपर्यंत मी दोनदा ज्वारीत जाऊन आलो. तिसऱ्यांदा पाटलांचं कुत्रं सोबत आलं.

दुसऱ्या एका फेरीत पौडाहून पुण्याला मोटारीनं परत येत होतो. गच्च भरलेली गाडी. अर्ध्या वाटेवर पोटात मुरडा उठला. मी दात-ओठ आवळून खिडकीची दांडी धरून बसलो. शेजारी कुंकवाचा मोठा टिळा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्या कपाळावरचा घाम बघितला आणि माझ्या आधी त्याच ओरडल्या, "आरं थांबिव गाडी! डाक्तराला उतरायचं हाय!" गाडी थांबली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोकळं माळरान, झाड म्हणून नाही. मी कसाबसा उतरलो, तशी बाईंनी गाडीत हुकूम सोडला, "ये बायांनो, त्या अंगाला त्वांडं फिरवा. बाप्यांनीबी फिरवा. काय तमाशा हाय का?" सगळ्या गाडीनं डोंगराकडे तोंड केलं. परत येऊन बसलो तर कुणी ओवा काढला, कुणी सुंठ, एका म्हाताऱ्यानं बटव्यातला हिंगाचा खडा काढून पाण्यात कालवला आणि भर गाडीत माझ्या बेंबीला लावला. कुणी हसलं नाही. लाज वाटायची ती माझी मलाच वाटत होती. त्या गाडीतल्या एकाही माणसाचं नाव मला ठाऊक नाही, पण त्या सगळ्यांविषयी अजून माया वाटते.

पुढे मी शहाणा झालो. फेऱ्याच अशा आखल्या की एका गावात टोचणीचा तिखट दिवस झाला, की लगेच दुसऱ्या गावात आठवा दिवस यावा. तिथे निरोपाच्या आधी मऊ भात, वरून दूध किंवा ताक. दोन घरी असं जेवलं की पोट ताळ्यावर येई. आमचे वरिष्ठ सगळ्यांना माझं उदाहरण द्यायचे, तपासणीची फेरी याच्यासारखी वेळेवर कुणी करत नाही म्हणून. मी मान खाली घालून ऐकत असे.

आता धनगरवाड्याविषयी सांगतो.

मुठ्याच्या खोऱ्यावर उंच सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, मेंढ्या-बकऱ्या राखणाऱ्यांची सात-आठ घरं होती. दोन हंगाम मी तिथे जाऊन हात हलवत परत आलो होतो. म्हाळू कारभारी म्हणून वाड्याचा मुख्य होता. तो दर वेळी एकच सांगायचा, "खालच्या गावची देवी आमच्या वाड्यात नगं. तिला यायचं आसंल तर ती हिकडची वाट काढंल. तुमी कोन आनणारं?" मुलं तर दिसायचीच नाहीत. मी चढ चढताना दिसलो की आया त्यांना घेऊन रानात शिरायच्या.

त्या वर्षी होळी झाल्यावर खोऱ्यात एका वस्तीवर देवीचे दोन रोगी निघाले. त्या वस्तीवरून धनगर बाजाराला जात-येत. वाड्यावर टोचलेलं एकही मूल नव्हतं. बाजाराच्या एका फेरीत रोग वर पोचला असता. वरिष्ठांनी काही सांगायच्या आधीच मी निघालो. मला शूर समजू नका. त्या वस्तीवरचा पाच वर्षांचा रोगी मी पाहिला होता आणि मला झोप लागत नव्हती.

निघालो तो पोट बिघडलेलंच होतं. उन्हाळ्यानं ओढे आटून डबकी झाली होती आणि त्यातलं पाणी दोन दिवस पिणं झालं होतं. अर्ध्या चढावर आव सुरू झाली. चार पावलं टाकायची आणि बसायचं. कसाबसा वर पोचलो. पहिलं घर लागलं ते ठकूबाईचं. साठीच्या आसपासची बाई, उंच, काटक, कपाळावर गोंदण. मुलगा मेंढरं घेऊन लांब गेलेला. घरात ती, सून आणि बिरू नावाचा तीन वर्षांचा नातू. तिच्या अंगणातल्या दगडावर मी बसलो आणि काही बोलायच्या आत उठून ओढ्याकडे पळालो. परत आलो, पुन्हा पळालो.

तिसऱ्यांदा परतलो तेव्हा ती अंगणाच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होती.

"डाक्तर, तुमाला रेच लागल्यात."

"नाही आजी, जरा चालून दमलोय."

"म्या मेंढरं राखल्यात जलमभर. कोन दमलंय आन कोन हगतंय, मला कळतंय."

डोंगरातल्या वस्त्यांची रीत मला माहीत होती. जुलाब-उलट्यांचा माणूस दिसला की पटकी आली समजायचं. पटकी आली की वाडा उठायचा. मेंढरं हाकायची, पोरं काखोटीला मारायची आणि दुसरा डोंगर गाठायचा. आजारी माणूस जिथे असेल तिथेच राहायचा. वाडा उठला असता तर ती सगळी मुलं न टोचता, कुठल्या तरी खोऱ्यात, कदाचित रोगाच्या तोंडातच गेली असती. आणि मी सड्यावर एकटा पडलो असतो. खरं सांगायचं तर त्या घटकेला मुलांचा विचार नंतर आला, माझा आधी.

मी हात जोडले. "आजी, ही पटकी नाही. आव आहे. मला नेहमी होते. आठवड्यात बरा होतो. कारभाऱ्याला सांगू नका."

"आव हाय का पटकी, तुमाला ठावं. मला कसं कळावं?"

तिची नजर माझ्या पिशवीवर गेली. मग घरात गेली. मला वाटलं, सुनेला कारभाऱ्याकडे धाडते आहे. पण ती बाहेर आली ती बिरूला कडेवर घेऊन.

"टोच ह्याला," ती म्हणाली. 'तुमी'वरून ती 'तू'वर कधी आली हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दोन वर्षं जिनं मला नातवाची सावली दिसू दिली नव्हती, ती त्याचा दंड उघडा करून उभी होती.

"माज्या घरात देवी बसली की फोडणी बंद. तुला आळणी शिजवून घातलं तर कोन इचारनार न्हाई. देवीच्या घरात कोन पाऊल टाकनार न्हाई. आन देवी उठंस्तवर वाडा हालत न्हाई, ही आमची रीत हाय. पर देवीच्या नावानं खोटं बोलायचं न्हाई मला. बसवायची तर खरी बसव."

आत सून रडत होती. मी साबणानं दोनदा हात धुतले, दिव्यावर चकती तापवली, निववली. अशक्तपणानं हत्यार नीट धरवेना, तेव्हा ठकूबाईनं माझं मनगट धरलं. बिरू किंचाळला. दंडावर दोन टोचण्या झाल्या. बिरोबाच्या ठाण्याजवळ वाड्यातला एकुलता निंब होता, त्याचा डहाळा तिनं स्वतः आणून दारात खोवला.

पुढचे आठ दिवस मी त्या घराला लागून असलेल्या बकऱ्यांच्या खोपटात काढले. घरात मला मज्जाव होता. "पोराकडं फिरकायचं न्हाई," असं तिनं पहिल्या दिवशीच बजावलं. माझ्याकडे फक्त ती यायची, आणि परत जाताना राखेनं कोपरापर्यंत हात घासायची. मी आरोग्यखात्याचा माणूस, पण हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. पहिले दोन दिवस तिनं कुड्याच्या सालीचा काढा पाजला. असं कडू मी जन्मात प्यालो नाही. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "शहरातला हाईस न्हवं, घशाखाली गूळच जायाचा तुज्या." ताप चढला की ओलं फडकं कपाळावर. नंतर तांदळाची पेज, मग ताकातल्या कण्या. मी एकदा दूध मागितलं तर म्हणाली, "पोटात आग आन वरनं दूध? डाक्तर कुनी केला तुला?"

लशीच्या उरलेल्या नळ्यांचा घोर मला होताच. उन्हात त्या चार दिवसांत निकामी होतात. मी तिला सांगितलं की यांना गारवा लागतो. तिनं डबा ओल्या फडक्यात बांधला आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला एका कपारीत, जिथे झरा सतत ठिबकत होता, तिथे नेऊन ठेवला. रोज एकदा जाऊन बघून यायची.

उरला प्रश्न माझ्या ओढ्याच्या वाऱ्यांचा. दिवसातून आठ-दहा वेळा जाणारा माणूस वाड्याच्या नजरेतून कसा सुटणार? दुसऱ्याच दिवशी कारभारी अंगणाच्या कडेला येऊन ठेपला. मी खोपटात जीव मुठीत धरून पडलो होतो.

"ठके, त्यो डाक्तर कुटं हाय? सारखा ओढ्याला का पळतुया?"

"देवीपाशी हाय. देवी बसवून ऱ्हायला हाय. हातपाय धुवायला जातुया."

"इतक्यांदा?"

"तुज्यावानी न्हाई त्यो, सनासुदीला आंगुळ करनारा. तू कुटं निगालास आत? काल वशाट खाल्लंस न्हवं? जा, मागं हो. पोराच्या देवीला वास लागंल."

कारभारी चार पावलं मागे सरला. खरोखरच त्यानं आदल्या दिवशी मटण खाल्लं होतं. तो गेल्यावर मी खोपटातून म्हणालो, "आजी, देवीच्या नावानं खोटं बोलणार नव्हता ना तुम्ही?"

"हातपाय धुतोस का न्हाई?"

"धुतो."

"मंग काय खोटं हाय त्यात?"

चार दिवसांत वाड्यात माझं नाव झालं. डॉक्टर किती कडक सोवळ्याचा, दिवसात दहा वेळा हातपाय धुतो, एकभुक्त राहतो, बकऱ्यांत झोपतो पण देवीचं घर सोडत नाही. बायका लांबून मला हात जोडायच्या. इतका मान मला नोकरीत पुन्हा कधी मिळाला नाही.

बिरूचे फोड पाचव्या दिवसापासून भरू लागले. अंगाला थोडी कणकण आली तेव्हा त्याची आई घाबरली, पण ठकूबाई रात्रंदिवस त्याला मांडीवर घेऊन बसली. आठव्या दिवशी तिनं त्याला अंगणात आणलं. मी पाच हातांवरून बघितलं. दोन्ही फोड टपोरे, मोत्यासारखे. त्या दिवशी माझं पोटही दोन दिवसांपासून शांत होतं. "छान उठल्यात," मी म्हणालो.

दहीभाताचा नैवेद्य झाला. वाडा लांबून बघत होता. बिरू दही चाटत होता, हसत होता. सगळ्यांत आधी कारभाऱ्याची सून पुढे आली, कडेवर पोरगी. तिनं सासऱ्याकडे बघितलं नाही. मग दुसरी आली. कारभारी खाकरला, काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "ठकीच्या घरात बसली ती गरीब देवी हाय. बसू दे समद्यांच्या."

कपारीतला डबा आणला. नळ्या गार होत्या, पण लस जिवंत आहे की मेली ते सांगणं शक्य नव्हतं. मी लपवलं नाही. "आठ दिवसांनी येतो. ज्यांना फोड आला नाही त्यांना पुन्हा टोचीन. चालेल?" कारभाऱ्यानं मान हलवली. वाड्यातली उरलेली दहा मुलं मी टोचली. संध्याकाळी डोंगर उतरलो.

कचेरीत गैरहजेरीचं कारण विचारलं. लोकांची समजूत काढण्यात दिवस गेले, असं मी लिहून दिलं. टोचणारा स्वतः जुलाब घेऊन वस्तीत गेला, हे लिहिलं असतं तर बोलणी खावी लागली असती, आणि ती योग्यच झाली असती. बिरूला किंवा सुनेला माझ्यापासून काही झालं नाही, ते त्या राखेच्या हातांमुळे. माझ्या अहवालात ठकूबाईचं नाव कुठेही आलं नाही. वरिष्ठांनी धनगरवाड्याबद्दल शाबासकी दिली ती मी मुकाट घेतली. ही गोष्ट मला अजून खुपते.

आठ दिवसांनी फोड बघायला पुन्हा वर गेलो. सात मुलांची लस लागली होती. तिघांना नव्या लशीनं पुन्हा टोचलं, त्यांचीही पुढे लागली. खालच्या वस्तीवरचा रोग त्या वर्षी वर चढला नाही.

काम आटोपून मी ठकूबाईच्या अंगणात टेकलो. माझ्या मनात एक प्रश्न घोळत होता. तो विचारल्याशिवाय मला डोंगर उतरवेना.

"आजी, ती खरंच पटकी असती तर? तुम्हाला तर माहीत नव्हतं. घरात नातू होता."

ती ज्वारी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"व्हती आसं धरूनच चालले म्या," ती म्हणाली.

"मग कारभाऱ्याला का नाही सांगितलं?"

तिनं सूप खाली ठेवलं. समोरच्या डोंगराकडे बोट केलं. "त्या पल्याडच्या सड्यावर आमचा वाडा व्हता. माजा ल्योक पोटात व्हता तवा. मालकाला रेच लागलं, दुपारपातूर डोळं खोल गेलं. सासरा म्हनला, पटकी हाय, उठा. समदा वाडा उठला. मालकाला झाडाखाली निजवलं. म्या डोईवर बोचकं घेतलं आन निगाले."

घरातून बिरूचं खेळणं ऐकू येत होतं.

"पानी मागत व्हते. लांबवर ऐकू येत व्हतं. सासरा म्हनला, मागं बघू नगं, पोटात पोर हाय. न्हाई बघितलं म्या."

तिचं चुकलं नव्हतं, हे मी सांगू शकलो असतो. आरोग्यखात्याचा माणूस म्हणून तर सांगायलाच हवं होतं. पण सांगून तिचं काय हलकं झालं असतं?

ती उठली, आत गेली आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली. "उतरनीला ऊन लागंल. पी."

मला तहान नव्हती. मुलं तपासताना प्रत्येक घरी पाणी झालं होतं. तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. मी दोन्ही हातांनी तो धरला, तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत पीत राहिलो. ती हललीसुद्धा नाही.

रिकामा तांब्या परत दिला, तशी ती म्हणाली, "आनू अजून?"

"आणा," मी म्हणालो.